ठासणीचं रिव्हॉल्व्हर

“डोळे मीट,” ग्लेन म्हणाला. “आता एक हातात घे, घोडा चढव, समोरच्या मातीच्या बांधाकडे धर. मग डोळे उघड. माशी आपणहून खाचेत बसलेली दिसली तर ते तुझं. हुडकावी लागली तर दुसऱ्या कुणाचं तरी.”

मी डोळे मिटले. नेमबाजीच्या मैदानावरच्या टेबलावर जुन्या घोंगडीवर दोन रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवलेली होती. दोन्ही रिकामी आहेत हे ग्लेनने मला दाखवलं होतं, मग मी त्याला दाखवलं होतं, आणि मग माझा स्वभाव म्हणून मी पुन्हा एकदा बघितलं होतं. डावीकडचं हाताला लागलं. लाकडी मूठ तळव्यात अशी येऊन बसली, जसं वापरातलं लाटणं बसतं. घोडा चढवला, हात लांब केला, डोळे उघडले.

नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो इवला दाणा, मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध.

“आईशप्पथ!” मी ओरडले.

“हा चांगला शब्द आहे का?” ग्लेनने विचारलं.

“फार चांगला,” धैर्यशील म्हणाला. माझ्यापेक्षा तोच जास्त उड्या मारत होता. “मी म्हटलं नव्हतं? नेव्ही! मृणाल, तुझा हात लहान आहे, तुला नेव्हीच.”

“अहो, दुसरी तरी बघू द्या.”

आत्याबाई मागे बाकावर बसलेल्या असल्या की माझा नवरा ‘अहो’ असायचा. घरात आणि मोटारीत ‘अरे’. आमच्या कोल्हापूरकडे सासूला आत्याबाई म्हणतात, आणि आत्याबाईंचे कान फार तिखट होते.

दुसरी उचलली. पहिली जुन्या आरमारी घाटाची, म्हणून नेव्ही; ही फौजी घाटाची, म्हणून आर्मी. अंगाने थोराड, वरून जाड पोलादी पट्टी, तोंडाशी जड. मूठ आखूड, त्यामुळे मधलं बोट चापाच्या कड्यावर घासत होतं. डोळे उघडले तर माशी डावीकडे कुठंतरी फिरायला गेलेली.

“हुडकावी लागली,” मी म्हटलं.

“घाई नको,” ग्लेन म्हणाला. “आधी दोन्ही झाडून बघ. पण संध्याकाळपर्यंत सांग. मंगळवारी मी मुलीकडे राहायला जातोय. एक तुझी, उरलेली माझ्या पुतण्याची.”

ग्लेन अमेरिकेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून विकत होता. दोन्ही होत्या नकलाच, दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरांवरून हल्ली घडवलेल्या, निशाणेबाजीच्या शौकिनांसाठी. काडतूस नाही. फिरत्या चक्रीच्या एकेका खान्यात काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती ठासायची, आणि मागच्या बोंडावर ठिणगी देणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तेव्हा कुठं एक बार. म्हणजे शिवकाळात आणि आत्ताच्या काळात कुठंतरी मधे. माझ्या व्हिसावर साधं पिस्तूल ठेवता येत नाही, पण ही जुन्या धाटणीची ठासणीची त्या कायद्यात मोडत नाही, असं धैर्यशीलने रात्र रात्र वाचून शोधून काढलं होतं. पुन्हा मलाच म्हणायचा, “झोप की गं जरा.”

मी झोपत नव्हते, हे खरं होतं. आमचा गुंड्या आठ महिन्यांचा होता आणि मी रात्री त्याच्या नाकापाशी हाताची पाठ धरून बसायची. श्वास लागला की बरं वाटायचं. दोन मिनिटांनी पुन्हा धरायची. तो अडीच महिन्यांचा असताना अंघोळीच्या वेळी माझ्या हातून निसटला. टबात पाणी चार बोटं. मी लगेच उचलला, त्याला काही म्हणजे काही झालं नाही, तो उलट हसला. पण तेव्हापासून माझे हात थरथरायला लागले. अंघोळ आत्याबाई घालायच्या. औषध आत्याबाई पाजायच्या. जिना उतरताना तो आत्याबाईंच्याच कडेवर. मी मागून चालायची, दोन्ही हात पुढे करून, ओंजळ धरल्यासारखी.

आणि आत्याबाई गुरुवारी परत जाणार होत्या.

“मी घेऊन जाते त्याला,” त्यांनीच पंधरा दिवसांपूर्वी विषय काढला होता. “सहा-आठ महिने राहील गडहिंग्लजला. माझे दीर-जाऊ आहेत, घर भरलेलं आहे. तू जरा हिंडफिर, जेव, झोप. मग या दोघं न्यायला. काय बिघडलं? कितीजणींनी पाठवलीत पोरं.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं. धैर्यशीलने विमान कंपनीला फोन करून गुंड्याची जागा धरून ठेवली होती. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आज शनिवार होता. मी अजून काहीच बोलले नव्हते, कारण मला मनातून वाटत होतं, त्यांचंच खरं असेल तर?

या सगळ्यात रिव्हॉल्व्हर कुठून आलं, तर धैर्यशीलच्या डोक्यातून. लग्नाआधी मी कॉलेजकडून एअर पिस्तूल खेळायची. आंतरविद्यापीठपर्यंत गेले होते. आमच्या पहिल्या भेटीत, पोह्यांच्या बशीवरून, त्याने मला विचारलं होतं, “तुम्ही खरंच नेमबाज आहात?” आणि मी म्हटलं होतं, “खोट्या नेमबाज कशा असतात?” त्या मुलीला तो शोधत होता, असं मला आता वाटतं. ग्लेन विकतोय म्हटल्यावर त्याला सापडल्यासारखी झाली असेल.

“काय बाई थेरं,” आत्याबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “जिला पोर धरवत नाही तिच्या हातात बंदूक देतोयस, धैर्या?”

“आई, बंदूक लगेच रडत नाही.”

“गप. आगाव.”

तरी त्या आल्या होत्या. छपराखाली, गोळीबाराच्या रेषेपासून चांगली वीस-पंचवीस पावलं मागे, बाकावर बसल्या होत्या. फिकट निळी साडी, पायात धैर्यशीलचे जुने धावायचे बूट, मांडीवर गुंड्या, आणि गुंड्याच्या कानांवर केवढं तरी मोठं, आवाज अडवणारं गुलाबी कानझाकण. निळं मिळालं नव्हतं. मी तीन दुकानं पालथी घातली होती.

“आधी नेव्ही,” ग्लेन म्हणाला.

त्याने पितळी नळकांड्यातून दारू मोजून दिली. कोळशाच्या भुकटीसारखी चमचमती काळी. निशाण जवळ असलं की दारू कमी घालतात, आणि मग खान्यात जी जागा रिकामी राहते ती भरायला वर चिमूटभर रवा घालतात. हो, रवा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून लोळले होते. ग्लेनकडचा रवा एका डबीत होता, तळाशी थोडाच उरलेला.

“आमच्या घरी पोतंभर आहे,” धैर्यशीलने आठवड्यापूर्वीच छाती पुढे काढून सांगितलं होतं. “रव्याची काळजी तुम्ही करूच नका.” आणि आज त्याने आत्याबाईंकडून भरून घेतलेला स्टीलचा डबा घोंगडीवर मानाने मांडून ठेवला होता.

गोळी खान्याच्या तोंडावर ठेवून दांडी ओढली की शिशाची केसासारखी बारीक कडी कातरून बाहेर पडते. पहिली कडी पडली तेव्हा मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पाच खाने भरले, सहावा रिकामा. घोडा रिकाम्यावरच टेकवून ठेवायचा, ही रीत. रेषेवर उभी राहिले, टोप्या बसवल्या. कानावर कानझाकण. डावा हात खिशात. श्वास आत, अर्धा बाहेर.

धाड!

आणि पुढचं काही दिसेचना. पांढऱ्या धुराचा एक ढगच्या ढग माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याला दिवाळीच्या पहाटेचा वास होता. अगदी तोच. नरक चतुर्दशी, उटणं, कुणीतरी लावलेली पहिली माळ. मी त्या धुरात उभी राहून येड्यासारखी हसत होते.

“लागलं! लागलं!” धैर्यशील दुर्बिणीतून ओरडला. “नऊ! नऊ आहे!”

पुन्हा. धाड. पुन्हा. चौथ्याला फुटक्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत जाऊन अडकला. ग्लेनने दातकोरणीने काढून दिला. “नेव्हीची ही खोड आहे,” म्हणाला. “दिसायला गोड असतात त्यांच्या असतातच.”

“माझ्याकडे बघून का म्हणतोय हा?” धैर्यशील.

कागद जवळ आणून बघितला. पाचच्या पाच भोकं एका पुरीखाली झाकली गेली असती. इतक्या वर्षांनी! मी बोटाने ती भोकं मोजत राहिले. हात बघितला. काळा झालेला, दारूने माखलेला, आणि स्थिर. मी तो पटकन खाली घेतला, कुणाची नजर लागेल म्हणून.

मागे वळून आत्याबाईंना कागद दाखवला. त्यांनी लांबूनच मान हलवली. शाब्बास म्हणून की कळलं म्हणून, ते कळलं नाही.

“आता दुसरी,” धैर्यशील म्हणाला. “नावाला पाच बार काढ आणि चल. नेव्ही ठरली.”

ग्लेनचा रवा संपला होता. आमचा डबा उघडला. खाने भरले, गोळ्या ठासल्या. टोप्या बसवायच्या आत शिट्टी झाली. कागद बदलायला लोक पुढे निघाले, सगळ्यांनी हत्यारं टेबलावर ठेवून मागे सरकायचं. एका माणसाचा लाकडी चौकटीचा खिळा निघाला आणि तो ठोकता ठोकता बराच वेळ गेला. टेबलाच्या त्या टोकाला छपराची सावली पोचत नव्हती. जूनचं ऊन आर्मीच्या निळ्याकाळ्या पोलादावर तापत पडलं होतं. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

शिट्टी झाली. पुन्हा रेषेवर, टोप्या बसवल्या. लोखंड हाताला चटकलं.

पहिला बार सुटला, पण आवाज बसका. कागदावर खूप खाली. दुसरा त्याहून उजवीकडे. “बघितलंस?” धैर्यशील म्हणाला. “म्हैस आहे म्हैस.”

तिसऱ्याला मी घोडा चढवला, माशी शोधून खाचेत आणून बसवली, चाप दाबला.

टिक.

टोपी फुटली. बाकी काही नाही. धूर नाही, धक्का नाही.

“धरून ठेव,” ग्लेन माझ्या खांद्यामागून हळूच म्हणाला. “आहे तशीच. हलू नको.”

आणि त्याच क्षणी मागून गुंड्या किंचाळला.

ते रडणं नव्हतं. भुकेचं, झोपेचं, ओल्या लंगोटाचं, मला सगळी ओळखू यायची. हे त्यातलं नव्हतं. पाठोपाठ आत्याबाईंचा आवाज, “अगं बाई! अगं अगं अगं!” आणि काहीतरी घसटल्यासारखं, आणि धैर्यशीलचे धावत गेलेले पाय.

कानझाकणातून ते मला सगळं ऐकू आलं. माझ्या पाठीला, मानेला, पायांच्या टाचांना ऐकू आलं. माझं सगळं अंग वळलं होतं. फक्त उजवा हात वळला नव्हता. माशी खाचेत होती. मी तिच्याकडे बघत होते. आमचे कॉलेजातले सर सांगायचे, चाप दाबून झाला म्हणजे नेम संपला असं समजू नका, पोरींनो. मी माशीकडे बघत होते, मागे माझं पोर ओरडत होतं, आणि मी माशीकडे बघत होते.

धाड!

हात उडाला, धूर आला. कुणी मागे वळून बघावं एवढ्या वेळाने तो बार सुटला. बांधाची माती समोर उडाली.

ग्लेनने श्वास सोडला. मी आर्मी टेबलावर ठेवली, नळी बांधाकडे करून. दोन पावलं मागे आले. मग पळत सुटले.

आत्याबाई बाकापाशी, जमिनीवर बसल्या होत्या. पदर मातीत, एका हाताने बाकाचा पाय धरलेला, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गुंड्याच्या झबल्याची पाठ. गुंड्या त्या झबल्यात लोंबकळत बोंबलत होता. धैर्यशीलने त्याला उचललं. खरचटलंही नव्हतं. घाबरला होता नुसता. गुलाबी कानझाकण गळ्यात आलं होतं.

“निसटला,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मृणाल, माझ्या हातून निसटला गं. एकदम उसळला धुराकडे बघून, आणि गेलाच. झबलं हाताला लागलं म्हणून. नाहीतर डोक्यावर...”

“काही झालं नाही, आत्याबाई. उठा.”

“चार पोरं वाढवली मी. एकदा असं...” त्या थांबल्या. “नाही. झालंय. धैर्या झालाय एकदा. ओट्यावरून.”

“मी?” धैर्यशील म्हणाला. “कधी?”

“तुला सांगून पडणार होतास काय?”

मी हसले आणि रडले, दोन्ही बरोबरच झालं. गुंड्याकडे हात पुढे केले आणि मागे घेतले, कारण हात शिशाने आणि दारूने माखले होते. मी त्याला नुसतं कपाळ टेकवलं.

ग्लेन मागून चालत आला. तो धैर्यशीलशी बोलला, हळू आवाजात, गंभीरपणे. एरवी थट्टा केल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. बोलताना त्याने एकदा माझ्या उभ्या राहण्याच्या जागेकडे बोट केलं आणि तसंच बाकाकडे.

“काय म्हणतोय तो?” आत्याबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. टोपीबद्दल सांगतोय.”

“मृणाल, काय म्हणतोय?”

धैर्यशील माझ्याकडे ‘नको’ अशा नजरेने बघत होता. मी सांगितलं. “तो म्हणतोय, बार कधीकधी उशिरा सुटतो. मी ओरडणं ऐकून मागे वळले असते, तर सुटला तेव्हा नळी या बाकाकडे असती.”

धैर्यशीलने हुंदके देणाऱ्या गुंड्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“तिला ऐकू आलं नसेल,” धैर्यशील म्हणाला. “कानावर होतं ना.”

“आलं की,” मी म्हटलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पदर झटकत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

ग्लेनने टेबलापाशी जाऊन आर्मीचे उरलेले खाने निरखून बघितले, मग आमचा स्टीलचा डबा बाकापाशी आणला, चिमूटभर रवा बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. “लोण्याचा वास आहे,” म्हणाला. जिभेवर ठेवला. “छान लागतं हे.”

धैर्यशील डब्याकडे बघत राहिला. “आई, रव्याला काय केलं होतंस?”

“काय करायचंय? तुपात भाजून ठेवलाय. तसा ठेवला तर किडे होत नाहीत काय? जाण्याआधी सगळा भाजला, तुम्हाला आयता शिरा करता यावा म्हणून.”

“अगं, बंदुकीत घालायला मागितला होता!”

“रवा दे म्हणालास, दिला की! बंदुकीला कच्चा लागतो आणि माणसाला भाजलेला, हे मला काय माहीत?”

उन्हात तूप पातळ झालं होतं आणि खालच्या दारूत उतरलं होतं. ग्लेनला समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. पन्नास वर्षांत त्याने ओली दारू बघितली होती, जुनी दारू बघितली होती, पण तुपातली पहिलीच. आत्याबाईही तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“बाकीचे दोन खाने मी मोकळे करतो,” ग्लेन उठत म्हणाला. “तू नको. तेही असेच अडणार.”

“मी करते,” मी म्हटलं.

“मृणाल,” धैर्यशील म्हणाला.

“ठासले मी आहेत.”

रेषेवर गेले. आता मला माहीत होतं काय होणार ते. आर्मीची मूठ अजून आखूडच होती, मधलं बोट कड्याला घासतच होतं. माशी खाचेत आणली. टिक. धरून ठेवली. मागे गुंड्या पुन्हा कुरकुरायला लागला होता, आणि मी ऐकत होते, आणि धरून होते. फुस्स, आणि मग धाड. शेवटच्याला तर टोपी फुटली आणि काहीच झालं नाही. ग्लेन म्हणेपर्यंत धरून ठेवली. हात भरून आला, खांदा पेटला. मग त्याने नवी टोपी बसवायला सांगितली, आणि पुन्हा टिक, पुन्हा थांबणं, आणि अखेर बार निघाला, अगदी बिचारा, सर्दी झाल्यासारखा.

कागद आणला. पाच भोकं पाच दिशांना. धैर्यशीलने तो नेव्हीच्या कागदाशेजारी धरला. एकीकडे पुरी, दुसरीकडे चाळण.

“चला, ठरलं,” तो म्हणाला. “ग्लेन, नेव्ही.”

“नाही,” मी म्हटलं. “आर्मी.”

“काय?”

“अरे, मला आर्मी पाहिजे.”

आत्याबाईंनी ते ‘अरे’ ऐकलं. भुवई वर गेली आणि खाली आली.

“अगं, पण हे बघ तरी! नेव्हीचे नऊ-दहा आहेत. हिचं एक धड नाही. मूठ लागते म्हणालीस. माशी सापडत नाही म्हणालीस.”

“सापडेल. सवयीने सापडेल.”

“पण का?”

मला ते नीट सांगता येईना. “नेव्ही चांगली चालली, कारण सगळं चांगलं चाललं होतं,” मी म्हटलं. “हिचं बिघडलं तेव्हा मी काय करते ते मी बघितलं. मला ते घरी न्यायचंय.”

धैर्यशीलला कळलं की नाही, देव जाणे. तो आयुष्यभर नेव्हीवालाच राहिला. ग्लेनला मात्र भाषांतराची गरज पडली नाही. त्याने मान डोलावली, नेव्ही पुतण्यासाठी घोंगडीत गुंडाळली आणि आर्मी फडक्याने पुसायला घेतली.

मी नळावर गेले. ग्लेनने सांगितलं होतं, शिसं आहे, साबण लावून दोनदा धू. मी चारदा धुतले. कोपरापर्यंत. चेहरा धुतला. मोटारीतून आणलेला दुसरा सदरा चढवला. आत्याबाई तिथंच येऊन उभ्या राहिल्या होत्या, कडेवर गुंड्या.

“मग,” त्या म्हणाल्या. “सोमवारी काय सांगायचं त्या विमानवाल्यांना?”

हा प्रश्न त्यांनी पंधरा दिवसांत एकदाही असा सरळ विचारला नव्हता. मी हात पुसत होते. पुसून झाले.

“एकच तिकीट, आत्याबाई. तो इथं राहील.”

“एकटीला जमेल? हा जातो ऑफिसला सकाळी.”

“भीती वाटेल. पण जमेल.”

“रात्री झोपणार नाहीस तू.”

“कदाचित नाही झोपणार.”

“आणि निसटला तर?”

“धरीन,” मी म्हटलं. “तुम्ही धरलात तसा.”

आत्याबाईंनी मान वळवून बांधाकडे बघितलं. गुंड्या त्यांच्या गळ्यातली पोत ओढत होता. मला वाटलं त्या रागावल्या, किंवा त्यांना लागलं. आठ महिने त्यांनी या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्याला नेण्याचं स्वप्न एकट्या माझ्यासाठी नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. गडहिंग्लजच्या भरल्या घरात त्यांना कोण होतं? दीर होते, जाऊ होती. पोटची चारही पोरं लांब.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग आता पुरी आई तूच. माझ्या गळ्यावर बघ काय केलंय तुझ्या लेकाने.”

त्यांनी पोत बाजूला केली. गळ्याखाली बारीक बारीक लाल रेघा होत्या. किती तरी.

“नखं वाढलीत त्याची,” त्या म्हणाल्या. “मला चष्म्यातून दिसत नाहीत नीट, म्हणून राहिली. नेलकटर आहे पिशवीत. घे, काप.”

“आत्ता?”

“मग काय गुरुवारनंतर?”

मी बाकावर बसले तशी त्यांनी गुंड्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. जाणूनबुजून. रेषेवर पुन्हा कुणाचे तरी बार सुरू झाले होते. मी कानझाकण त्याच्या कानांवर नीट बसवलं. छोटा नेलकटर उघडला. त्याचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरला. नख कागदाहून पातळ, गुलाबी, त्यामागे मऊ मांस, दोन्हींत जेमतेम रेघेएवढं अंतर. तो हलला. मी थांबले. तो पुन्हा हलला. मी धरून होते.

मग तो स्थिर झाला, आणि मी अर्धा श्वास सोडून हळूच दाबलं.